वायरलेस बेल घेण्याआधी एका बटणाची बॅटरी काढून बघा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जालन्यात जुन्या दुमजली इमारतीत ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. खाली दोन फुटी दगडी भिंती, वर नंतर चढवलेला आरसीसीचा मजला. वायरची नर्स कॉल सिस्टीम, म्हणजे पेशंटनं सिस्टरला बोलवायची बेल, बसवायची तर चालू दवाखान्यात भिंती फोडाव्या लागतील. म्हणून ऑनलाइन मिळणारा वायरलेस किट घ्यावा का, आणि घेतला तर तो किती भरवशाचा? वर तुमच्या इन्चार्ज सिस्टरचं म्हणणं, "नातेवाईक असतातच की, ते येतात सांगायला. बेल कशाला?"

मी १९ वर्षं मराठवाड्यातल्या दवाखान्यांत बेल बसवतोय. खरं सांगायचं तर नव्या बसवतो त्यापेक्षा दुसऱ्यांनी बसवलेल्या, बंद पडलेल्या जास्त उतरवतो. सिस्टरच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यांचं निम्मं बरोबर आहे.

आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही. एक जण खाटेवर आणि दोघं खाटेखाली चटई टाकून, असा हिशेब असतो. दिवसभर काउंटरवर रांग लागलेली असते: "सिस्टर, सलाईन संपायली", "सिस्टर, नळीत रक्त चढायलं". त्या वेळी बेल असली काय, नसली काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो रात्री दोन ते पाचमध्ये. दिवसभराचा शिणलेला पोरगा खाटेखाली घोरत असतो आणि म्हातारा त्याला उठवायला नको म्हणून एकटाच संडासला निघतो. ऊसतोडीच्या हंगामात तर निम्मं गाव कारखान्यावर गेलेलं असतं. मागं राहिलेली आजी ॲडमिट झाली की सोबतीला दहा वर्षांची नात. ती पोर रात्री अंधाऱ्या पॅसेजमधून सिस्टरला बोलवायला जाईल, असं धरून चालायचं नाही. पुरुष नातेवाईक बायकांच्या वॉर्डात रात्री थांबू शकत नाही, हे तर तुम्हालाच जास्त माहीत. तेव्हा बेल ही ३० खाटांना सारखी वाटायची वस्तू नाही. पहिली संडास-बाथरूममध्ये लागली पाहिजे, मग स्पेशल रूममध्ये, मग जनरल वॉर्डात. बजेट कमी पडलं तर याच क्रमानं थांबा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. खाटेखाटेला बटण असतं आणि संडास कोरडा ठणठणीत.

आता वायरलेसकडे येतो. ऑनलाइन जो किट तुम्ही बघितलात, वीस-तीस गोल बटणं, एक आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि मनगटावर बांधायचं घड्याळ, तोच किट परमिट रूममध्ये वेटरला बोलवायला विकतात. रंग बदलतो आणि वर नर्सचं चित्र येतं, एवढाच फरक. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण तो ज्या कामासाठी बनला त्या कामात एखादं बोलावणं हुकलं तर गिऱ्हाईक पुन्हा दाबतं, नाहीतर हात वर करतं. तुमच्या पेशंटला दुसऱ्यांदा दाबायची ताकद असेलच असं नाही.

या किटमधलं बटण फक्त बोलतं, ऐकत काहीच नाही. दाबलं की ४३३ मेगाहर्ट्झवर आपला ठरलेला नंबर हवेत फेकतं आणि झोपी जातं. डिस्प्लेनं तो उचलला की नाही, हे बटणाला कळत नाही. बटणावरचा लाल दिवा लागतो तेव्हा पेशंटला वाटतं निरोप पोचला. त्या दिव्याचा अर्थ मात्र एवढाच, की बटण दाबलं गेलं. दोन पेशंटनी एकाच क्षणी दाबलं तर दोन्ही नंबर हवेत एकमेकांत मिसळतात आणि डिस्प्ले दोन्ही सोडून देतो. दोन खाटांवर एकदम कुणी बटण दाबत नाही असं वाटेल, पण लाईट गेल्यावर वॉर्डात काय होतं ते आठवा. सगळे एकदम दाबतात.

दुसरी भानगड नंबरांची. जुन्या धाटणीच्या बटणात त्याचा नंबर ठरवणाऱ्या आठ पिना असतात. प्रत्येकीच्या तीन अवस्था धरल्या तर एकूण ६,५६१ जोड्या होतात. कारखान्यातून त्या सगळ्या एकाच अवस्थेत येतात आणि बसवणारा त्या बदलायचा कंटाळा करतो. एका गावात सात नंबरची खाट रोज सकाळी सहाच्या सुमाराला वाजायची. खाट रिकामी असली तरी वाजायची. सिस्टर लोकांत त्या खाटेविषयी नको त्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, एका मावशीनं तर लिंबूही ठेवलं होतं. शोध घेतला तर पाठीमागच्या घरातली दारावरची वायरलेस बेल, आणि ती दाबणारा दूधवाला. नव्या चिपमध्ये २० बिटांचा कोड येतो, म्हणजे दहा लाखांवर नंबर, त्यामुळं असं योगायोगानं जुळणं जवळपास संपलं. तरी विकत घेताना विचारायचं, कोड ठरलेला आहे की पिना लावून बसवायचा.

पण हे सगळं दुय्यम. माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: बटण मेलं तर तुम्हाला कसं कळणार?

चालू असलेली, पण कुणी न दाबलेली बेल गप्प असते. मेलेली बेलही गप्प असते. काउंटरवरून दोन्ही सारख्याच दिसतात. एका तालुक्याच्या गावी मला बोलावलं होतं ते डिस्प्लेचा एक आकडा फुटका दिसतो म्हणून. डॉक्टर म्हणाले, "बाकी सिस्टीम एक नंबर आहे, कधी तक्रार नाही." सहज म्हणून मी खाटेखाटेला जाऊन बटण दाबत गेलो. २४ पैकी ११ वाजली नाहीत. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. तक्रार कशी येणार? पेशंटनं दाबलं, कुणी आलं नाही, त्याला वाटलं सिस्टर कामात असतील. मग नातेवाइकाला उठवलं. चार दिवसांत डिस्चार्ज झाला, घरी गेला.

यात बॅटरीचा एक गुण लक्षात ठेवा, कारण मीटर लावून तपासणारे इथंच फसतात. बटणात बहुतेक वेळा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो, साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा. तो म्हातारा झाला की नुसता मीटर लावला तर २.९ दाखवतो, म्हणजे ठणठणीत. पण रेडिओ चालू होताना क्षणभर जास्त करंट लागतो, तेव्हा सेलचा आतला रोध आडवा येतो आणि व्होल्टेज धपकन खाली बसतं. दिवा मिणमिणतो, रेडिओ मात्र काउंटरपर्यंत पोचत नाही. त्यातून ही घसरण हळूहळू होते. आधी लांबची खाट जाते, मग मधली. जवळची खाट वाजते म्हणून सगळ्यांना वाटतं सिस्टीम चालू आहे.

यावर उपाय असा, की बटणानं ठरावीक वेळानं स्वतःहून 'मी जिवंत आहे' असं कळवायचं आणि तो निरोप आला नाही तर डिस्प्लेनं बोंब मारायची. दवाखान्यासाठी म्हणून बनवलेल्या सिस्टीममध्ये हे असतं. अमेरिकेत यासाठी यूएल १०६९ आणि जर्मनीत व्हीडीई ०८३४ अशी मानकं आहेत. परमिट रूमच्या किटवर यातलं काही लिहिलेलं नसतं. विक्रेत्याला इंग्रजीत लांबलचक विचारत बसू नका. त्याच्यासमोर एका बटणाची बॅटरी काढा, ते खिशात ठेवा आणि विचारा, "डिस्प्लेवर हे किती वेळात दिसेल?" तो म्हणाला "अर्ध्या तासात", तर चहा मागवा आणि अर्धा तास बसा. तो म्हणाला "तसं दिसत नाही, पण बॅटरी दोन वर्षं चालते मॅडम", तर चहा पाजा आणि पाठवून द्या. जिवंतपणाचा निरोप दर मिनिटाला हवा, असा हट्ट नको, त्यानं सेल लवकर संपतो. पण तो तासाच्या वर गेला तर मी घेणार नाही.

आणि सिस्टीम कितीही हुशार असली तरी सेल सगळे एकदम बदला, एकेक नको. मी दोन दिवस ठरवून दिलेत, गुढीपाडवा आणि खंडेनवमी. खंडेनवमीला मशिनींची पूजा होतेच, हळदकुंकू लावायच्या आधी बटणांचे सेल बदलायचे आणि तारीख आतल्या बाजूला मार्करनं लिहायची. तारीख विसरत नाही आणि मधलं अंतरही सहा महिन्यांचं पडतं. काढलेले सेल मावशींना दुसरीकडे कुठं वापरायला द्यायचे नाहीत, असं मी म्हणतो. लोक तरीही देतात.

फ्रिक्वेन्सीचं सांगतो. आपल्या देशात लायसन्सशिवाय वापरता येतात त्यात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ आहे, तेही १० मिलिवॅटच्या आत आणि इमारतीच्या आत. ८६५ ते ८६८ चा पट्टा आहे. २००५ च्या अधिसूचनेत तो ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. आणि २.४ गिगाहर्ट्झ आहे, ज्यावर वायफाय, ब्लूटूथ अशी सगळी जत्रा भरलेली असते. अमेरिकेचा माल ९१५ वर चालतो. तो कुणी स्वस्तात आणून दिला तरी घेऊ नका, कारण इथं तो पट्टा मोकळा नाही, मोबाईलवाल्यांच्या हद्दीला लागून आहे. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगचं ईटीए, म्हणजे यंत्राला मान्यता असल्याचं, प्रमाणपत्र मागा. ज्याच्याकडे ते आहे तो लगेच काढून देतो. ज्याच्याकडे नाही तो तुम्हाला फ्रिक्वेन्सी समजावून सांगायला लागतो.

तुमच्या इमारतीला मी ८६५ च्या पट्ट्यातली, दोन्ही बाजूंनी बोलणारी सिस्टीम घेईन. म्हणजे बटण निरोप पाठवतं, डिस्प्लेकडून पोच येते, आणि पोच आली नाही तर बटण थोड्या वेळानं पुन्हा पाठवतं. पोच आल्यावरच बटणावर हिरवा दिवा लागतो. हा हिरवा दिवा पेशंटसाठी फार मोठी गोष्ट आहे. २.४ नको म्हणायचं कारण वायफायची गर्दी हे आहेच, त्याहून मोठं कारण माणसाचं शरीर. शरीरात पाणी, आणि पाणी ती लहर पिऊन टाकतं. पेशंट कुशीवर वळला आणि बटण अंगाखाली गेलं की २.४ ची लहर अर्धीअधिक गादीतच मरते.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर '१०० मीटर रेंज' छापलेली असते ती मोकळ्या रानातली. दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंतीला ती माहीत नसते. आरसीसीच्या स्लॅबमधली लोखंडी जाळी, गोदरेजची कपाटं, लिफ्टचा खड्डा, एक्स-रे खोलीच्या दारातला शिशाचा पत्रा, प्रत्येक जण आपापला वाटा घेतो. म्हणून दर मजल्याला एक तरी रिपीटर, म्हणजे बटणाचा निरोप पकडून पुढं पाठवणारा डबा, लागेल. तो रिपीटर कमरेच्या उंचीवरच्या प्लगात लावायचा नाही. का, ते मी स्वतः शिकलोय. पहिल्या पहिल्या कामात एक रिपीटर पॅसेजमधल्या बोर्डावर लावून आलो. तिसऱ्या दिवशी अर्धा वॉर्ड गप्प. जाऊन बघतो तर रिपीटर काढून खिडकीत नीट ठेवलेला आणि त्या प्लगात कुणाचा तरी मोबाईल चार्जिंगला. त्या माणसाची चूक नाही, आमच्या दवाखान्यांत चार्जिंगचा प्लग सोन्याच्या भावानं मिळतो. तेव्हापासून रिपीटर छताजवळ, थेट वायर जोडून, इन्व्हर्टरच्या लाईनवर. आणि त्याला स्वतःची छोटी बॅटरी हवी, कारण लाईट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या पापणी लवण्याएवढ्या वेळात काही स्वस्त डिस्प्ले रिसेट होतात आणि आधीची सगळी बोलावणी विसरतात.

मोबाईल ॲपवर चालणाऱ्या सिस्टीमबद्दल एवढंच सांगतो: इंटरनेटची वायर काढून दाखवायला सांगा. रस्त्यावर जेसीबी लागला की फायबर तुटतं, हे आपल्या गावांत पंधरा दिवसांआड होतं. दहा फुटांवरच्या सिस्टरला बोलवायला निरोप परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन येणार असेल तर ते आपल्या कामाचं नाही.

वायरची बाजूही मांडतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वायरलेसचा एजंट आहे. वायरीला सेल लागत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत टाकलेल्या माझ्या काही लाईनी आजही वाजतात. मृगाच्या आधीच्या विजा-वादळात लांब वायरीतून झटका येऊन पॅनल जळालेले मी बघितलेत, पण तो अर्थिंग नीट नसल्याचा दोष. तुम्ही वरच्या मजल्यावरचे संडास दुरुस्त करणार आहात असं लिहिलंय. फरशी निघणारच आहे तर तिथं पाइप टाकून घ्या आणि संडासाची बेल वायरची करा. खालच्या दगडी भिंतींना हात लावू नका, तिथं वायरलेस. दोन्ही एका डिस्प्लेवर आणता येतात, विकत घेतानाच तसं बोलून घ्या.

संडासात बटण नको, दोरी हवी, आणि ती जमिनीपासून टीचभर अंतरापर्यंत आलेली हवी. पडलेला माणूस उठून बटण दाबू शकला असता तर त्याला बेल कशाला लागली असती? ब्रिटनमध्ये तर दोरीला दोन कडी लावायची पद्धत आहे, एक बसलेल्या माणसाच्या हाताला आणि दुसरी फरशीपासून फक्त १० सेंटिमीटरवर. आता दोरी लोंबती ठेवली की मावशी फरशी पुसताना ती वर गुंडाळून नळाला बांधतात. मी शंभर दवाखान्यांत गेलो असेन तर नव्वदांत ती बांधलेली बघितली. मावशींना दोष देऊन उपयोग नाही, ओली मळकी सुती दोरी कुणाला आवडेल? पुसता येईल अशी प्लॅस्टिकची दोरी द्या आणि ती कशासाठी आहे ते त्यांना स्वतः सांगा, इन्चार्जमार्फत नको.

आता बेल बंद कुठून करायची, ते. १८५३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरचं एक छोटं हॉस्पिटल हाती घेतलं, तेव्हा तिनं मागितलेल्या गोष्टींत घंटा होत्या. त्या परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात, आणि घंटा वाजली की तिची एक झडप उघडून तशीच उघडी राहावी, म्हणजे कुणी बोलावलं ते दिसेल. मला यातलं 'तशीच उघडी राहावी' महत्त्वाचं वाटतं. आवाज विरतो, खूण राहते. आज त्या झडपेची जागा खोलीच्या दारावरच्या दिव्यानं घेतली: लाल म्हणजे बोलावणं आहे, हिरवा म्हणजे सिस्टर आत आहे. तो लाल दिवा विझवायची सोय फक्त खाटेपाशी हवी. काउंटरवर रिसेटचं बटण दिलं की तिथूनच बेल बंद होते, आणि "हो, येते" म्हणून फोन घेतलेल्या सिस्टरच्या डोक्यातून ती निघून जाते. आळशीपणा नाही हा. एका सिस्टरकडे रात्री पंधरा पेशंट असतील तर कुणाच्याही डोक्यातून निघेल. आमच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, काउंटरवरचा रिसेट जोडायचाच नाही. डॉक्टर चिडतात, मी ऐकून घेतो.

बझरवर चिकटपट्टी लावलेली दिसली तर मात्र सिस्टरना रागवू नका. सलाईन संपली आणि छातीत दुखतंय, दोन्हीला एकच कर्कश टूंटूं असेल तर कान आपोआप ते ऐकणं सोडून देतो. संडासाचा आवाज वेगळा आणि तातडीचा ठेवा, बाकीचा मऊ. आणि बेल कमी वाजवायचा सगळ्यात स्वस्त उपाय यंत्राचा नाहीच. अमेरिकेत २००६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात परिचारिकांनी दर तासाला ठरवून फेरी मारली, दुखतंय का, संडासला जायचं का, हे विचारलं, तेव्हा बेलचा वापर जवळपास ३८ टक्क्यांनी उतरला. तुमच्याकडे तेवढे हात नसतील. तरी रात्री अकरा आणि तीनच्या फेरीत सलाईनची पातळी बघून घेतली तरी तुमच्या निम्म्या बेल वाजायच्या थांबतील, हा माझा अंदाज.

उलट बाजूनं, ज्यानं दाबायला हवं तो दाबतच नाही, ही आपल्याकडची जुनी अडचण. "सिस्टरला काहून त्रास द्यायचा, सकाळ झाली की सांगू." बटण कशाचं, हेही कित्येकांना माहीत नसतं, एका आजोबांनी ते पंख्याचं असेल म्हणून दाबलं नव्हतं. खाट दिली की सिस्टरनं बटण त्यांच्या हातात देऊन एकदा दाबून घ्यायचं, हिरवा दिवा दाखवायचा. सुई उजव्या हाताला असेल तर बटण डाव्या बाजूला. सेफ्टी पिननं उशीच्या अभ्र्याला अडकवलं तर खाली पडत नाही, मात्र अभ्रा धुवायला जाताना बटणही धोब्याकडे जातं. कापणी-खुरपणीनं घट्टे पडलेल्या बोटांना बारीक, कडक बटण जाणवत नाही. मोठं, हलकं दबणारं घ्या.

आणि एक, डॉक्टर म्हणून तुम्हाला हे सांगायला नको, पण मालक म्हणून सांगतो. पावसाळ्यात तुमच्याकडे मण्यार चावलेले पेशंट रात्री येतात. त्यांची पापणी जड होते, मग हात. विषबाधेच्या पेशंटचंही तसंच. अशा खाटेला बटण दिलंय म्हणून सिस्टरची नजर हलली तर बेल नसती तर बरं, असं होईल. तिथं मॉनिटर आणि माणूसच.

किट हातात आला की लगेच पैसे देऊ नका, आठ दिवस वापरायला मागा. संडासाचं दार लावून दाबा, अंगाखाली घेऊन दाबा, मेन स्विच पाडून दाबा, तीन मावशींना उभं करून एकदम दाबा. त्यातली निम्मी तपासणी रात्री करा.

मला खालच्या मजल्याचा नुसता हातानं काढलेला नकाशा पाठवा. एक्स-रेची खोली, जिना आणि लोखंडी कपाटं कुठं आहेत तेवढं त्यावर खुणा करून. रिपीटर एक लागतो की दोन, ते त्यावरून सांगतो.